एकाच दगडावर चाकू उभा चालतो, आडवा नाही – असं काहून? (कायनाइट, मँगनीज आणि अणूंची रचना)

भंडारारोड_रिटर्न्स

राम राम मंडळी. विषय जरा पुस्तकी आहे पण दगड आपल्याच भागातला आहे म्हणून इथे टाकून राहिलो. माझ्या साळ्याने भंडाऱ्याकडून कायनाइटचा एक मोठा तुकडा आणून दिला, निळा-करडा, लांब लांब पट्ट्यांचा. मुलगी १२वीला, स्टेट बोर्ड, केमिस्ट्रीचा पहिलाच धडा सॉलिड स्टेट, तर तिने तो दगड घेऊन चाकूने खरडून पाहिला. पट्टीच्या लांबीच्या दिशेने ओढला की सरळ ओरखडा पडतो, आडवा ओढला की काहीच नाही, उलट चाकूचंच लोखंड दगडावर रेघ सोडून जाते. आता पुस्तकात लिहिलंय की एकसारखे गोळे घट्ट रचले की ७४ टक्के जागा भरते आणि प्रत्येक गोळ्याला १२ शेजारी. तिचा प्रश्न असा की १२ शेजारी सगळ्या बाजूंनी असतील तर दगड एका बाजूने नरम अन् एका बाजूने कडक कसा. क्लासमध्ये विचारलं तर "हे परीक्षेत येत नाही" असं उत्तर मिळालं. मी कॉमर्सवाला, माझ्याकडून काही होणार नाही. कोणी सांगता का जी, सोपं सांगा पण थातुरमातुर नको.

बर्डीवाला

चाकू कोणता आहे ते सांगा पहिले. इतवारीतला स्वस्तातला असंल तर पेरूवर पण ओरखडा नाही पडत त्याने.

हॉस्टेल_नंबर_पाच

वाचून राहिलो. सॉलिड स्टेटमध्ये मी ७४, ६८, ५२ एवढंच पाठ करून निघालो, कशाचे आकडे आहेत ते आजही विचारू नका.

ट्यूशनवाली_मॅडम

आधी हॉस्टेलवाल्या दादांचं सांगून टाकते. ५२ म्हणजे गोळ्याच्या डोक्यावर बरोब्बर गोळा ठेवत गेलं तर, ६८ म्हणजे घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मधोमध एक असं, आणि ७४ म्हणजे सगळ्यात घट्ट. कळमना मार्केटला संत्र्याचा ढीग पाहिला असेल, खालच्या थरात एका संत्र्याभोवती सहा, वरच्या थरातली संत्री खळग्यांत बसतात, म्हणून एकाला आपल्या थरातली सहा, वरची तीन, खालची तीन. तिसरा थर पहिल्याच्या नेमका वर आला तर अ-ब-अ-ब, सरकून आला तर अ-ब-क-अ-ब-क, आणि दोन्हीत भराव तेवढाच, ७४.०५ टक्के. याच्याहून घट्ट रचताच येत नाही असं केप्लरने १६११ मध्ये लिहून ठेवलं, पण ते सिद्ध व्हायला १९९८ उजाडलं, थॉमस हेल्सने केलं, आणि त्या सिद्धतेची कॉम्प्युटरवरची पूर्ण तपासणी २०१४ ला संपली. फळवाल्याला हे आधीपासून माहीत होतं हा भाग वेगळा.

पण हा आकडा एकसारख्या गोळ्यांचा आहे, म्हणजे तांबं, सोनं, ॲल्युमिनियम असल्या धातूंना चालतो. खनिजात दोन-तीन-चार प्रकारचे अणू असतात आणि त्यांचा आकार सारखा नसतो. बहुतेक खनिजांत मोठा गोळा म्हणजे ऑक्सिजन, तो साधारण १.४० अँगस्ट्रॉम (सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) त्रिज्येचा. त्यामुळे रचतो तो ऑक्सिजन, आणि धातू बसतात उरलेल्या २६ टक्क्यांतल्या पोकळ्यांमध्ये. पोकळ्या दोन जातीच्या: चार गोळ्यांच्या मधली टेट्राहेड्रल आणि सहा गोळ्यांच्या मधली ऑक्टाहेड्रल. जेवढे गोळे तेवढ्या ऑक्टाहेड्रल आणि त्याच्या दुप्पट टेट्राहेड्रल, हे मुलीने कागदावर मोजून पाहावं, एकदा मोजलं की विसरत नाही. टेट्राहेड्रल पोकळीत मोठ्या गोळ्याच्या ०.२२५ पट त्रिज्येचा गोळा फिट बसतो, ऑक्टाहेड्रलमध्ये ०.४१४ पट, आणि ०.७३२ च्या पुढे गेलं की आठ शेजारी सोयीचे पडतात.

मीठच घ्या. क्लोराइड १.८१, सोडियम १.०२, भागाकार ०.५६, म्हणून सोडियमला सहा क्लोराइड. पोकळीपेक्षा सोडियम मोठा आहे म्हणून तो क्लोराइडांना थोडं ढकलून ठेवतो, ते एकमेकांना चिकटत नाहीत. सिझियम क्लोराइडमध्ये भागाकार ०.९ च्या वर जातो, तिथे आठ.

कायनाइटचं मात्र मी सांगत नाही, ते इथे कोणी जिऑलॉजीवालं असेल तर त्यांनी सांगावं.

हट्टी_बीई

मॅडम, हे ०.४१४ वगैरे ऐकायला लय भारी वाटते पण पोटॅशियम क्लोराइड घ्या ना, १.३८ भागिले १.८१ म्हणजे ०.७६, तुमच्या हिशोबाने आठ शेजारी पाहिजेत, प्रत्यक्षात सहाच आहेत. लिथियम आयोडाइडचा भागाकार ०.३५ च्या आसपास येतो, तिथे चार पाहिजेत, तिथेही सहाच. मग हा नियम कशाचा?

ट्यूशनवाली_मॅडम

अंदाज बांधायचा नियम आहे दादा, कायदा नाही. आयन म्हणजे काही काचेची गोटी नाही, मोठा आयन दबतो, आणि बंधात थोडा कोव्हॅलंटपणा (म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणं) आला की दिशा पण ठरायला लागते. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तर जवळपास निम्मा-निम्मा मानतात. हिऱ्यात पाहा, शुद्ध कोव्हॅलंट, प्रत्येक कार्बनला फक्त चार शेजारी आणि गोळ्यांनी भरलेली जागा फक्त ३४ टक्के, म्हणजे ५२ वाल्याहून पण पोकळ, तरी त्याच्याहून कडक नैसर्गिक खनिज नाही. तेव्हा भरावाच्या टक्क्यावरून कडकपणा काढायचाच नाही, ती वाटच बंद आहे. १२वीच्या पुस्तकात हे दोन धडे जवळ जवळ ठेवले असते तर पोरांचा अर्धा गोंधळ वाचला असता असं माझं मत.

बर्डीवाला

म्हणजे ७४ वाला नरम अन् ३४ वाला हिरा. वा रे गणित.

सेमिनरी_हिल्स

रिटायर्ड जिऑलॉजिस्ट आहे, आयुष्य सौसर ग्रुपच्या खडकांत गेलं, तेव्हा हा धागा माझ्याच गल्लीतला. कायनाइटचं मी सांगतो, जरा लांबेल.

भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमॅनाइट दोन्ही आहेत. दहेगाव-पिंपळगावचं कायनाइट, पोहऱ्याचं सिलिमॅनाइट. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, दोन ॲल्युमिनियम, एक सिलिकॉन, पाच ऑक्सिजन. तिसरं भावंड अँडालुसाइट, त्याचं पण तेच. फरक एवढाच की अणू बसलेत कसे. तिघांमध्येही सिलिकॉन चारच ऑक्सिजनच्या मध्ये, आणि अर्धं ॲल्युमिनियम सहा ऑक्सिजनच्या मध्ये. उरलेलं अर्धं ॲल्युमिनियम कायनाइटमध्ये सहाचं, अँडालुसाइटमध्ये पाचचं आणि सिलिमॅनाइटमध्ये चारचं. वर मॅडमनी जो भागाकार सांगितला तो ॲल्युमिनियमसाठी काढला तर ०.३८ च्या आसपास येतो, म्हणजे सीमेच्या थोडा अलीकडे, म्हणून त्याला चारही चालतात सहाही चालतात, दाब आणि तापमान बोलेल तसं. दाब जास्त असला की जास्त शेजारी, म्हणून कायनाइट सगळ्यात जड, घनता ३.६ च्या आसपास, सिलिमॅनाइट ३.२४, अँडालुसाइट ३.१५. तिघं एकत्र नांदू शकतात असा एकच बिंदू आहे, साधारण ५०० अंश सेल्सियस आणि ४ किलोबार. म्हणून खडकात यातलं कोणतं दिसतं त्यावरून तो खडक किती खोल गाडला गेला होता आणि किती तापला होता याचा अंदाज बांधता येतो, फील्डमध्ये आम्ही आधी हेच शोधायचो.

आता चाकू. कायनाइटमध्ये ऑक्सिजन थोडा वाकडातिकडा पण घट्ट रचलेला आहे, अ-ब-क पद्धतीने. ४० टक्के ऑक्टाहेड्रल पोकळ्यांत ॲल्युमिनियम, १० टक्के टेट्राहेड्रल पोकळ्यांत सिलिकॉन. मुलीला सांगा सूत्रावरून हे दोन आकडे काढून पाहा म्हणून, येतात. सहा ऑक्सिजनचे ते ॲल्युमिनियमवाले अष्टफलक कडेला कड लावून एकामागे एक जोडले जातात आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने सलग साखळ्या जातात. कड जोडणं म्हणजे दोन शेजाऱ्यांमध्ये दोन ऑक्सिजन सामायिक, त्यामुळे साखळीच्या दिशेने विण मजबूत. तुम्ही चाकू लांबीच्या दिशेने ओढता तेव्हा तो साखळ्यांच्या मधून चालतो, आडवा ओढता तेव्हा प्रत्येक साखळी तोडावी लागते. मोह्सच्या मापात, म्हणजे १ ते १० च्या कडकपणाच्या पट्टीवर, सांगायचं तर लांबीला कडकपणा साडेचार-पाच, आडवा साडेसहा-सात, आणि साधा पोलादी चाकू बसतो साडेपाचच्या आसपास, बरोबर मधे. म्हणून तुमचा चाकू अगदी योग्य निघाला, बर्डीवाल्यांनी काळजी करू नये.

शेजारी १२ आहेत की ६ आहेत हे मोजून भागत नाही, शेजाऱ्याशी बंध किती ताकदीचा आणि ताकदीचे बंध कोणत्या दिशेला सलग लागलेत ते पाहावं लागतं. अभ्रकाचं पण तेच, पापुद्र्याच्या आत सिलिकॉन-ऑक्सिजनची पक्की जाळी, आणि दोन पापुद्र्यांच्या मधे पोटॅशियम बसलेला, त्याला १२ ऑक्सिजन शेजारी आहेत पण एकच भार १२ जणांत वाटला गेला तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार, म्हणून नखाने पापुद्रा निघतो.

भंडारारोड_रिटर्न्स

काका मनापासून धन्यवाद. मुलीने ४० आणि १० दोन्ही काढले. ती विचारते आहे की हा भार वाटला जाण्याचा हिशोब कायनाइटचा पण करता येतो का.

सेमिनरी_हिल्स

येतो ना, फार छान येतो. लायनस पॉलिंगने १९२९ मध्ये हे नियम मांडले. आयनचा भार भागिले शेजाऱ्यांची संख्या म्हणजे एका बंधाची ताकद. सिलिकॉनचा भार ४, शेजारी ४, ताकद १. ॲल्युमिनियमचा भार ३, शेजारी ६, ताकद अर्धा. आता ऑक्सिजनकडे उभं राहून पाहायचं, त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्या ताकदींची बेरीज २ व्हायला पाहिजे कारण त्याचा भार उणे २.

कायनाइटमध्ये पाच ऑक्सिजनपैकी चार असे आहेत ज्यांना एक सिलिकॉन आणि दोन ॲल्युमिनियम लागलेत: १ अधिक अर्धा अधिक अर्धा, झाले २. पाचव्याला सिलिकॉन शिवतच नाही, त्याला चार ॲल्युमिनियम: अर्धा गुणिले ४, झाले २. खातं चोख. तुम्ही कॉमर्सवाले आहात, ही बॅलन्स शीट तुम्हालाही जमेल.

भट्टीवाला

मी रिफ्रॅक्टरी विटांच्या (भट्टीची उष्णता झेलणाऱ्या) लाइनमध्ये होतो म्हणून आमच्या कामातलं सांगतो. कायनाइट कच्चा विटेत घातला तर वीट भट्टीत फुटते. तो १३०० अंशांच्या पुढेमागे मुलाइट (ॲल्युमिनियम-सिलिकॉनचंच दुसरं खनिज) आणि सिलिका (सिलिकॉन डायऑक्साइड) यात मोडतो आणि मोडताना १६-१८ टक्के फुगतो, म्हणून आधी वेगळा भाजून घ्यायचा, मग दळून वापरायचा. सिलिमॅनाइट त्या मानाने फार कमी फुगतो, तो सरळ कापून वापरलेला पाहिला आहे. आम्हाला साहेब लोक सांगायचे "कायनाइट फुगतो" बस, का फुगतो कोणी सांगितलं नाही. आता काकांचे ३.६ आणि ३.२४ वाचून डोक्यात उजेड पडला, जो आधीच सैल आहे त्याला अजून फुगायला जागाच कमी.

सेमिनरी_हिल्स

अगदी बरोबर पकडलंत भाऊ. मुलाइटमध्ये ॲल्युमिनियमचा बराच भाग सहावरून चारवर येतो, म्हणजे घट्ट रचना उघडते, आणि सुटलेली सिलिका तर अजूनच हलकी, २.३ च्या आसपास. घनतेवरून गुणाकार-भागाकार करून पाहा, कायनाइटसाठी १९ टक्क्यांच्या जवळ येतं आणि सिलिमॅनाइटसाठी ७ च्या जवळ.

रामटेक_बायपास

मधेच घुसतो. मनसरकडे रस्त्याच्या कडेला काळे दगड पडलेले असतात मँगनीजचे, त्यातला एक हातात घेतला की हात काळे कुट्ट, आणि दुसरा तेवढाच काळा पण हाताला काही लागत नाही, हातोडीला पण दाद देत नाही. म्हणजे हात काळे करणाऱ्यात अणू सैल बांधलेले असतात असं समजायचं का?

सेमिनरी_हिल्स

नाही, आणि इथे फार लोक फसतात. हात काळे करणारा बहुतेक पायरोलुसाइट असणार, मँगनीज डायऑक्साइड. त्याचा चांगला स्फटिक मिळाला तर कडकपणा सहाच्या वर आहे, काचेवर ओरखडा काढतो. पण तो बहुतेक वेळा दुसऱ्या मँगनीज खनिजांचा हवापाण्याने बदल होऊन तयार होतो, भुगाभुगा, बारीक कणांचा, आणि हाताला लागतात ते सुटे कण. कणाच्या आतला बंध पक्काच आहे. दुसरा जो हातोडीला दाद देत नाही तो ब्राउनाइट असू शकतो, हातात घेतल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही. आतली अणूरचना आणि कण एकमेकांना कसे चिकटलेत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मऊ दगड दिसला की लगेच बंधावर आळ घ्यायचा नाही.

आणि मनसरलाच गोंडाइट पण बघा, गोंड लोकांवरून फर्मोर नावाच्या भूशास्त्रज्ञाने ठेवलेलं नाव, मँगनीजचा गार्नेट म्हणजे स्पेसार्टिन आणि क्वार्ट्झ. त्या गार्नेटमध्ये एकाच स्फटिकात मँगनीजला आठ ऑक्सिजन, ॲल्युमिनियमला सहा, सिलिकॉनला चार. तिन्ही प्रकार एका ठिकाणी, आणि पक्के बंध सगळ्या दिशांना सारखे गुंफलेले, म्हणून तो कायनाइटसारखा पट्टीत चिरत नाही, वेडावाकडा फुटतो. मुलीला मॉडेल बनवायचं असेल तर कायनाइट सोडून हाच करायला सांगेन मी.

कोराडी_कट्टा

डोंगरी बुजुर्गचं मँगनीज बॅटरीला जाते ऐकलं होतं, ते हेच का?

हट्टी_बीई

हो, तिथलं डायऑक्साइडवालं ओर ड्राय बॅटरीला जातं. आणि तिथे रचनेचा खेळ मस्त आहे, हे माझ्या विषयातलं आहे म्हणून बोलतो. मँगनीजला सहा ऑक्सिजन, असे अष्टफलक कडेने जोडून साखळ्या, आणि साखळ्या कोपऱ्यांनी जोडल्या की मधे लांब बोगदे तयार होतात. पायरोलुसाइटमध्ये बोगदा १ बाय १ (म्हणजे लांबी-रुंदीला एकेका अष्टफलकाएवढा), एकदम अरुंद. हॉलंडाइटमध्ये २ बाय २, त्यात बेरियम आरामात बसतो (ते खनिज झाबुआकडच्या काजळीडोंगरीचं, नाव पडलं जीएसआयच्या, म्हणजे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या, हॉलंड साहेबांवरून). बॅटरीत सेल चालतो तेव्हा हायड्रोजन आयन त्या बोगद्यांत शिरतो आणि मँगनीजचा भार चारवरून तीनवर येतो. निव्वळ पायरोलुसाइटचे बोगदे फारच चिंचोळे म्हणून तो सेलमध्ये सुस्त, चांगला चालतो तो गॅमा प्रकार ज्यात १ बाय १ आणि १ बाय २ बोगदे मिसळलेले असतात. सूत्र तेच, मँगनीज डायऑक्साइड. म्हणून लॅबमध्ये नुसती टक्केवारी काढून ओर बॅटरीला चालेल की नाही हे सांगता येत नाही, एक्सरे काढावाच लागतो.

हॉस्टेल_नंबर_पाच

एक्सरेने अणू दिसतात?

ट्यूशनवाली_मॅडम

दिसत नाहीत, थरांवरून परावर्तित होतात आणि ठरावीक कोनांतच जोर धरतात, त्यावरून थरांमधलं अंतर काढतात. लॉरेन्स ब्रॅगने १९१३ मध्ये मिठाचं असंच काढलं आणि दिसलं की मिठात सोडियम क्लोराइडचा वेगळा रेणू म्हणून काही नाहीच, एकाआड एक नुसते आयन. आर्मस्ट्राँग नावाचे एक जुने केमिस्ट १९२७ मध्ये सुद्धा यावर चिडून नेचरला पत्र लिहीत होते की मिठाला बुद्धिबळाचा पट काय करून टाकलाय.

बर्डीवाला

प्रश्न: लोणार आपल्या विदर्भातच आहे, उल्का पडून एवढा दाब आला तर तिथे सिलिकॉनला पण सहा शेजारी मिळाले असतील की नाही? आता मला पण इंटरेस्ट येऊन राहिला.

सेमिनरी_हिल्स

भले बहाद्दर. सहा शेजाऱ्यांचा सिलिका असतो, स्टिशोव्हाइट, १९६१ मध्ये लॅबमध्ये बनवला आणि १९६२ मध्ये ॲरिझोनाच्या उल्काविवरात सापडला. क्वार्ट्झची घनता २.६५, त्याची ४.२९. गंमत म्हणजे त्याची रचना आपल्या पायरोलुसाइटचीच, मँगनीजच्या जागी सिलिकॉन. पण ॲरिझोनात वाळूचा खडक होता, क्वार्ट्झने भरलेला. लोणारला बेसाल्ट, त्यात क्वार्ट्झ जवळपास नाहीच, म्हणून तिथे धक्क्याने फेल्डस्पारची (बेसाल्टमधलं एक मुख्य खनिज) काच झालेली मिळते, मास्केलिनाइट. रचनाच मोडून गेली, नवी बसायला वेळ मिळाला नाही.

भंडारारोड_रिटर्न्स

काका, मुलीने तुमच्या पद्धतीने सिलिमॅनाइटचा हिशोब मांडला, नेटवर कोणता ऑक्सिजन कोणाला लागलाय ते शोधून. पण तिचं खातं जुळत नाही. एका ऑक्सिजनची बेरीज २ येते, दोघांची १.७५, आणि दोघांची २.२५. तीनदा करून पाहिलं म्हणते. एकूण मात्र १० येते.

सेमिनरी_हिल्स

तिचं बरोबर आहे! चारवाल्या ॲल्युमिनियमची ताकद पाऊण येते ना, तिथून हे १.७५ आणि २.२५ निघतात. पॉलिंगचा नियम इथे तंतोतंत पाळला जात नाही, पण खनिज त्याची भरपाई करतं: ज्याला कमी पडलं त्या ऑक्सिजनचे बंध आखूड होतात, ज्याला जास्त झालं त्याचे लांब. सिलिमॅनाइटमध्ये १.७५ वाल्या ऑक्सिजनपर्यंतचा सिलिकॉनचा बंध साधारण १.५७ अँगस्ट्रॉम आहे, आणि २.२५ वाल्यापर्यंतचा १.६४. तिला सांगा आता अँडालुसाइट घे, तिथे दुसऱ्या ॲल्युमिनियमची ताकद ३ भागिले ५, आणि आलेली बेरीज इथे टाक. मी तपासून देतो.